‘रिमाइंड मी लेटर’चे चौदा महिने

पत्राचा सारांश: जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या एका वाचकांनी लिहिलं आहे. वय 66. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झाले आणि आता 42 फ्लॅटच्या आपल्या सोसायटीचे मानद खजिनदार आहेत. सोसायटीच्या ऑफिसात 2014 साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज 7 वर चालणारा. त्यावर टॅलीतला हिशेब, सभासदांची यादी, मेंटेनन्सची बिलं आणि सोसायटीचा ईमेल. अँटिव्हायरसची मुदत संपून चौदा महिने झाले. कोपऱ्यात रोज लाल खिडकी उघडते आणि ते रोज ‘रिमाइंड मी लेटर’ दाबतात. बंगळुरूला आयटीत असलेला मुलगा म्हणतो, “ते काढून टाका बाबा, विंडोजमध्ये फुकटात असतंच.” दुरुस्तीवाला म्हणतो, “तीन वर्षांचा पॅक टाकू, स्वस्तात पडेल.” शेजारच्या एका सद्गृहस्थांनी पेन ड्राइव्हवर ‘लाइफटाइम’ आणून दिलं आहे, ते सध्या ड्रॉवरमध्ये आहे. अपडेट केलं की मशीन हळू होतं. एकदा तर अपडेटनंतर अर्धा दिवस ते सुरूच झालं नाही आणि नेमके त्या दिवशी ऑडिटर येऊन बसले होते. बँकेचे व्यवहार या मशीनवर होत नाहीत, त्यात चोरण्यासारखं काही नाही आणि चौदा महिन्यांत काही झालंही नाही. बाकी मशीन ठणठणीत आहे. फक्त रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं, ते हातानं लावावं लागतं. “ताई, मुलाचं ऐकू की दुरुस्तीवाल्याचं?”

नमस्कार काका,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत कामाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे. ते घड्याळाचं. लाल खिडकीवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि घड्याळावर एक ओळ, पण मी असते तर आधी घड्याळ धरलं असतं.

डेस्कटॉपच्या आत, मदरबोर्डवर (मुख्य सर्किटच्या पाटीवर), रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर 2032 असं कोरलेलं असतं. वीज नसताना तारीख-वेळ लक्षात ठेवायचं काम त्याचं. पाच-सात वर्षांत तो मान टाकतो. तुमच्याकडचा 2014 पासून तोच असेल तर त्यानं भरपूर नोकरी केली. सेल मेला की मेन स्विच बंद होताच मशीन आजची तारीख विसरतं आणि सकाळी कुठल्या तरी जुन्या वर्षात जागं होतं. तुम्ही हातानं तारीख लावता, पण ती लावायच्या आधीची दहा मिनिटं, किंवा ज्या दिवशी विसरलात तो अख्खा दिवस, अपडेट मागायला गेलेला अँटिव्हायरस हात हलवत परत येतो. कारण कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना समोरचं प्रमाणपत्र आजच्या तारखेला चालू आहे का, हे पाहिलं जातं. तुमच्या मशीनच्या मते ‘आज’ म्हणजे 2014, आणि प्रमाणपत्र तर गेल्या काही महिन्यांत काढलेलं. मशीन म्हणतं, हे अजून सुरूच झालेलं नाही, आणि दार लावून घेतं. ब्राउझरमध्ये चांगल्या चांगल्या साइट ‘धोकादायक’ म्हणून अडत असतील तर तेही याच्याचमुळे. उद्या तुम्ही पैसे भरून लायसन्स नवं केलंत तरी या सेलमुळे ते अधूनमधून लंगडत राहील. सेल शंभर रुपयांच्या आत येतो. दुरुस्तीवाल्याला पॅकच्या आधी तो आणायला सांगा.

आता मुलाचं की दुरुस्तीवाल्याचं. काका, दोघंही बरोबर बोलतायत, पण दोघंही तुमच्या मशीनबद्दल बोलत नाहीयेत.

मुलगा बोलतोय त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपबद्दल. विंडोज 10 आणि 11 मध्ये जो डिफेंडर येतो तो पूर्ण अँटिव्हायरस आहे, चांगला आहे, आणि घरगुती वापराला तो पुरतो, हे त्याचं म्हणणं मलाही मान्य. गंमत अशी की तुमच्या विंडोज 7 मध्येही ‘विंडोज डिफेंडर’ याच नावाची वस्तू आहे. नाव तेच, माणूस वेगळा. विंडोज 7 मधला डिफेंडर फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम पकडण्यापुरता होता. व्हायरस पकडायला मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी एसेन्शियल्स हे वेगळं सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं लागायचं. विंडोज 8 पासून ते दोन्ही एक झाले. म्हणजे मुलाच्या सांगण्यावरून तुम्ही जुना अँटिव्हायरस काढलात आणि ‘डिफेंडर आहे ना’ म्हणून निवांत झालात, तर गेटवर कोणीच नसेल. आयटीतल्या मुलांचा यात दोष नाही. ती रोज ज्या मशीनवर बसतात त्यांवरून बोलतात. बाबांचं मशीन त्यांनी शेवटचं नीट पाहिलं ते गणपतीत, तेही प्रिंटर चालत नाही म्हणून.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं असं की संरक्षण चालू पाहिजे. तेही खरं. पण विंडोज 7 चा आधार मायक्रोसॉफ्टनं 14 जानेवारी 2020 ला काढून घेतला. गुगल क्रोमनंही 2023 पासून त्यावर नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. अशा मशीनवर तीन वर्षांचा पॅक म्हणजे काय, ते तुमच्या सोसायटीच्याच भाषेत सांगते. अँटिव्हायरस हा वॉचमन. त्याच्याकडच्या चोरांच्या फोटोंची वही म्हणजे डेटाबेस. ती रोज नवी करून मिळते, त्याला आपण अपडेट म्हणतो. तुमच्या वॉचमनकडे चौदा महिन्यांपूर्वीची वही आहे. ती नवी करायलाच हवी. पण विंडोज म्हणजे कंपाउंडची भिंत, आणि तिला भगदाड पडलं तर बुजवायला 2020 पासून गवंडीच येत नाही. चोर भगदाडातून आत येऊ लागला की गेटवरच्या वॉचमनचा पगार तीन वर्षांचा आगाऊ भरून उपयोग किती?

म्हणून तुम्ही विचारलेला प्रश्न मी थोडा सरकवते. लायसन्सची मुदत ही एक तारीख. डेटाबेस शेवटचा कधी नवा झाला ही दुसरी. आणि विंडोजलाच दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ही तिसरी. लाल खिडकी तुम्हाला फक्त पहिली सांगते, कारण तिला पैसे पहिलीचे मिळतात.

दुसऱ्या तारखेचा मला स्वतःला बसलेला फटका सांगते. मी एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. अँटिव्हायरसचं लायसन्स चालू, कोपऱ्यात हिरवी टिकमार्क, मी खूश. मार्च-एप्रिलच्या धामधुमीत एक सर पेन ड्राइव्ह घेऊन आले. नववीचे सगळे मार्क त्यात. उघडला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी एक किलोबाइटचा शॉर्टकट, खाली डाव्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. सरांचा चेहरा पाहवत नव्हता. मार्क गेले नव्हते, व्हायरसनं मूळ फोल्डर लपवून तिथं आपले शॉर्टकट लावले होते. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) लपवलेलं पुन्हा दाखवणाऱ्या ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेची एक ओळ टाइप केली तेव्हा फोल्डर परत दिसले. पण मग मी अँटिव्हायरस उघडून आत पाहिलं. डेटाबेसची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची! मधल्या काळात ऑफिसचं इंटरनेट कनेक्शन बदललं होतं आणि अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जुन्याच कनेक्शनचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटकडे जाताना लागणाऱ्या मधल्या मशीनचा पत्ता, राहिला होता. बिचारा रोज अपडेट मागायला बंद दारावर जात होता. टिकमार्क हिरवी होती ती लायसन्सची. आणि तो शॉर्टकटवाला व्हायरस त्याआधी दोन महिने स्टाफरूम, झेरॉक्सचं दुकान आणि चार शिक्षकांची घरं असा फिरून आला होता. त्या दोन महिन्यांत मला कोणी विचारलं असतं तर मीही हेच म्हणाले असते, की काही झालेलं नाही.

तेव्हा तुमच्या ‘चौदा महिन्यांत काही झालं नाही’ या वाक्यात मी एक शब्द बदलते: काही दिसलं नाही. मुदत संपलेले काही अँटिव्हायरस जुन्या वहीवर तपासणी करत राहतात, काही चालू तपासणी पूर्ण बंद करतात; कोपऱ्यातलं चित्र मात्र दोन्हींत जागेवर असतं. रोज किती नवं येतं त्याचा अंदाज हवा तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था दिवसाला 4,50,000 हून जास्त नवे घातक आणि नकोसे प्रोग्राम नोंदवते. चौदा महिन्यांचा गुणाकार तुम्हीच करा, वित्त विभागात होतात.

एकदा विकत घेतला की झालं, हा समज कुठून आला असावा तेही मला कळतं. तुमच्या कचेरीत पहिले कॉम्प्युटर आले असतील त्या काळात व्हायरस फ्लॉपीवरून फिरायचे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला त्यांना आठवडे लागायचे. 6 मार्चला मायकेलँजेलो उठतो, त्या दिवशी मशीन सुरू करू नका, अशा सूचना निघायच्या. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून ‘क्विक हील’ उभं केलं तो हाच काळ. तेव्हा नवी वही अधूनमधून फ्लॉपीवर आली तरी भागायचं. आता ती दिवसातून अनेकदा येते. खोका मात्र अजून तसाच दुकानात मिळतो, त्यामुळे आपण मिक्सरसारखी वस्तू विकत घेतली असं वाटतं. खोक्यात असते ती वर्गणी.

चोरण्यासारखं काही नाही, असं तुम्ही म्हणता. सभासदांच्या फाइली कुठे आहेत? फ्लॅट हस्तांतराच्या वेळी घेतलेली पॅन आणि आधारची स्कॅन, भाडेकरूंचे करार, सगळ्यांचे मोबाइल नंबर? सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड ब्राउझरनं लक्षात ठेवला आहे ना? तो हाती लागला की कोणी तुमच्याच पत्त्यावरून 42 घरांना ‘मेंटेनन्स या नव्या खात्यात भरा’ असं कळवू शकतो. पत्र तुमच्याकडून आलेलं, खाली तुमचं नाव, लोक भरतील. बँकेला हात न लावता बँक लुटायची ही रीत आता फार चालते.

आणि काही चोर चोरतच नाहीत, नुसतं कुलूप लावतात. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. फाइली कुलूपबंद आणि पडद्यावर मागणी, 300 डॉलर बिटकॉइनमध्ये. ज्या भगदाडातून तो आला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. सापडली ती ‘नंतर’ म्हणणारी मशीन, आणि त्यांत बहुतेक विंडोज 7 ची. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनरचे ट्रक अडकून पडले. तुमची टॅलीतली अकरा-बारा वर्षांची खतावणी त्या चोराला कवडीमोल आहे. पण तुम्हाला ती किती मोलाची, हे तो बरोबर ओळखतो. शिवाय 2017 मध्ये विंडोज 7 साठी अपडेट निदान येत तरी होतं. आज तसं भगदाड सापडलं तर तुमच्या मशीनला काहीच येणार नाही.

अपडेटची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. ऑडिटर समोर बसलेत आणि पडद्यावर गोल गोल फिरतंय, हा अनुभव घेतलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ सांगणं सोपं असतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. 2010 मध्ये मॅकअफीच्या एका अपडेटनं तर विंडोजचीच एक आवश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला काढली होती. तेव्हा वॉचमन कधीकधी घरच्याच माणसाला धरतो, हे खरं. पण असे दिवस मोजके, बातमी होण्याइतके. दुरुस्तीही लगेच येते आणि हिशेब जागेवर सापडतो. तुमचं मशीन त्या दिवशी अडलं त्याचं कारण बहुधा साधं होतं: बरेच महिने साठलेलं अपडेट एकदम उतरलं, त्यापाठोपाठ पूर्ण तपासणी सुरू झाली, आणि जुनी हार्ड डिस्क व तुटपुंजी मेमरी यांचा दम निघाला. रोज थोडं थोडं होऊ दिलं तर कळतही नाही. पूर्ण तपासणी रविवारी दुपारची लावून ठेवायची, ऑडिटच्या आठवड्यात तिला सुट्टी. आणि हळू चालण्याचं आणखी एक कारण तपासा: दोन अँटिव्हायरस तर बसलेले नाहीत ना? कोणीतरी कधीतरी एक फुकटातला टाकून जातो. मग दोघं एकमेकांच्याच फाइली तपासत बसतात.

ड्रॉवरमधलं ‘लाइफटाइम’ ड्रॉवरमध्येही ठेवू नका. असलं क्रॅक (लायसन्सला फसवून चालणारं चोरटं सॉफ्टवेअर) टाकताना पहिली सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ घरात शिरण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगणारा पाहुणा कोण असतो? आणि लायसन्स खोटं आहे हे कंपनीला कळू नये म्हणून ही क्रॅक कंपनीच्या सर्व्हरशी बोलणंच बहुतेकदा तोडतात, म्हणजे वही कधीच नवी होणार नाही. लाइफटाइम आहे खरं, पण जुन्याच वहीचं.

मग करायचं काय? माझ्या मते या मशीनवर अँटिव्हायरसचे पैसे घालू नका. आज त्याची इंटरनेटची केबल काढा. टॅलीच्या रोजच्या नोंदींना इंटरनेट लागत नाही. ईमेलचं काम तोवर मोबाइलवर करा आणि त्या ईमेलचा पासवर्ड मोबाइलवरूनच बदलून टाका. मग एक बाहेरची हार्ड डिस्क आणून टॅलीचा डेटा आणि सभासदांच्या फाइली तिच्यावर उतरवा. उतरवून झालं की डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे; खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो. ती डिस्क नव्या मशीनला लावाल तेव्हा उघडायच्या आधी तपासून घ्या, चौदा महिन्यांत पाहुणे कोण येऊन बसले असतील सांगता येत नाही.

नवं मशीन म्हणजे कोरं करकरीतच हवं असं नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप पुण्या-मुंबईत आणि आता जिल्ह्याच्या गावीही मिळतात. बघायचं एवढंच की ते विंडोज 11 ला चालणारं हवं: इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. दुकानदार ‘तुमच्याच जुन्या मशीनवर विंडोज 10 टाकून देतो’ म्हणेल. बसेलही ते, पण विंडोज 10 चा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. घरगुती मशीनला नाव नोंदवून वाढीव सुरक्षा मिळते तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. पुन्हा तेच भिंतीचं रडगाणं. आणि हो, टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करायचं (सोडून द्यायचं), मग नव्यावर चालू करायचं. तेवढ्यापुरती पाच मिनिटं केबल लावावी लागेल. घड्याळ आधी बरोबर करून घ्या. हे उलट्या क्रमानं केलं की लोक दोन दिवस फोनवर असतात.

नव्या मशीनवर डिफेंडर असेलच. तिथं तुमच्या मुलाचं म्हणणं लागू. सोसायटीच्या ऑफिसात चार जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, म्हणून विकतचा घ्यावासा वाटला तर माझी हरकत नाही, पण एक वर्षाचा घ्या. विकतचा बसला की डिफेंडर आपणहून मागे सरतो. मुदत संपल्यावर तो परत पुढे यायला हवा. आला की नाही ते ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डोळ्यांनी पाहा. विकतचा काढायचा असेल तर कंट्रोल पॅनलमधून काढून वर कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूलही चालवा, नाहीतर त्याची मुळं राहतात आणि नवा नीट रुजत नाही. लायसन्सची ‘की’ (ते चालू करायचा कोड) आणि ती ज्या ईमेलवर नोंदवली तो पत्ता आधी कागदावर उतरवून ठेवायचा.

पैशांचं: हे तुमच्या खिशातून करू नका. मानद खजिनदार लोकांना ही खोड असते. अँटिव्हायरस स्वतःच्या पैशानं आणला की तो स्वतःच्या ईमेलवर नोंदवला जातो, मग खजिनदार बदलला की लायसन्सचा तो कोड कोणाकडे, कोणालाच ठाऊक नाही. कमिटीच्या बैठकीत विषय घ्या, तीन कोटेशन जोडा, बिल सोसायटीच्या नावे करा. 30 सप्टेंबरच्या आतली वार्षिक सभा जवळ असेल तर तिथंही सांगा. पार्किंगवर दोन तास भांडणारी सभा या विषयाला दोन मिनिटांत मंजुरी देते, असा माझा अनुभव.

ज्या वाचकांकडे विंडोज 10 किंवा 11 आहे त्यांच्यासाठी थोडं. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, व्हायरस संरक्षणाच्या पानावर शेवटचं अपडेट केव्हा झालं ते लिहिलेलं असतं. ती तारीख आजची किंवा कालची हवी. आठवड्यापूर्वीची असेल तर कारण शोधा. अँटिव्हायरस जागा आहे का हे पाहायचं असेल तर आयकार नावाची 68 अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती व्हायरस नाही, पण जगातल्या जवळजवळ सगळ्या अँटिव्हायरसनी तिला पाहून ओरडायचं असं ठरलेलं आहे. तुमचा ओरडला नाही तर झोपलेला आहे.

‘तुमचा अँटिव्हायरस संपला, तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस’ अशा खिडक्या पुष्कळदा ब्राउझरमधून येतात, तुम्ही कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं म्हणून. ब्राउझर पूर्ण बंद करा. खिडकी येणं थांबलं तर ती त्या साइटची होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढून टाका. ईमेलनं आलेलं ‘रिन्युअलचे इतके हजार कापले गेले, रद्द करायला या नंबरवर फोन करा’ हे पत्र खोटं असतं. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा गोड आवाज आधी तुमच्या मशीनवर दूरून ताबा देणारं अ‍ॅप टाकायला सांगतो. पैसे भरायचे ते अँटिव्हायरस आतून उघडून, किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मोबाइलवर तर लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून येणारी ‘एपीके’ (अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडायचीच नाही. बाकी मोबाइलचा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

मुलाबद्दल एक विचारू का? पत्रात तुम्ही त्याचं वाक्य लिहिलंत, त्याच्याआधी तुम्ही त्याला काय विचारलं होतंत ते नाही लिहिलं. “अँटिव्हायरसचं काय करू?” असं विचारलं असेल तर कामाच्या मध्यात त्याच्याकडून त्या उत्तरापलीकडे मिळणार नाही. त्याऐवजी मशीनचं विंडोज कुठलं, अँटिव्हायरसच्या आत डेटाबेसची तारीख काय, सेल गेलाय, हे तीन मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह पाठवा आणि रविवारचा अर्धा तास मागा. विंडोज 7 हे शब्द वाचून तो स्वतःच फोन करील, अशी माझी अटकळ. त्यानं दूरून मशीन हातात घेऊन सगळं झटपट करून द्यायची तयारी दाखवली तर नको म्हणा. माउस तुमच्या हातात, तोंडी सूचना त्याच्या. वेळ दुप्पट लागेल. त्याची चिडचिड होईल, ती होऊ द्या. लहानपणी त्याला पाढे शिकवताना तुमची झालीच असेल.

आणि चौदा महिने बटण दाबत राहिलो याची जी लाज पत्रातून डोकावते, ती सोडा. ते बटण बनवणाऱ्यांनी ते मोठं आणि सोपं केलंय. घरोघरी हे काम कोणाचंच नसतं. तुमच्याकडे मात्र सोय आहे, तुम्ही रजिस्टर ठेवणारे आहात. मेंटेनन्सची बिलं काढता त्याच दिवशी एक पान उघडा: लायसन्सची मुदत, डेटाबेसची तारीख, विंडोजचा आधार कधीपर्यंत, बॅकअप घेतल्याची तारीख, पाहणाऱ्याची सही. पुढचा खजिनदार येईल तेव्हा चार्ज देताना ते पान दाखवून द्यायचं.

सेल बदलून झाला की तारीख लावा, संध्याकाळी मेन स्विच बंद करा आणि सकाळी कुठल्याही बटणाला हात लावायच्या आधी कोपऱ्यात पाहा. तारीख काय दिसली, तेवढं मला कळवा.